पाणी उतरायच्या आत

पूर्वरंग संपला होता, हार घालायची वेळ आली होती, आणि नेमकं तेव्हाच ते इंदुताईंच्या कानावर पडलं. एरवी कीर्तनातली ही वेळ त्यांची सगळ्यांत लाडकी. निरूपण होऊन गेलेलं असतं, आख्यान अजून यायचं असतं. पेटीवाला भाता सैल सोडून मान पुसतो, तबलजी हातोडीने टकटक करत पुन्हा सूर जुळवतो, बुक्क्याची वाटी रांगेरांगेने फिरते, आणि ज्यांच्या घरी दूध उतू जायचं असेल किंवा नातू रडत असेल ते खाली मान घालून, चपला शोधत निघून जातात. जायचं तर याच वेळेला जायचं. एकदा कीर्तनकाराच्या गळ्यात हार पडला आणि उत्तररंग सुरू झाला की आरतीपर्यंत कुणी उठायचं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या त्या देवळात ही रीत अजून होती आणि इंदुताई ती जिवापाड पाळत. त्या दिवशी हार घालायचा मान त्यांचाच होता. कीर्तनाला वैभवीताई होत्या, त्यांच्या सुनेच्या वयाच्या, नऊवारी नेसलेल्या, गळ्याने गोड आणि बोलायला मोकळ्या. इंदुताईंनी टाचा उंच करून हार घातला, तशी वैभवीताई वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकाजी नाही आले का, काकू? परवा दिसले होते मले. कुहीकडे कीर्तन होतं, तर तिथल्या लोकांनी ते नवीन बंदर दाखवाले नेलं आम्हाले. काकाजी नावेत बसून आत जाऊन राहिले होते. मी हात केला, पण त्यांचं ध्यानच नव्हतं." एवढं बोलून त्यांनी चिपळ्या उचलल्या. इंदुताई जागेवर येऊन बसल्या. परवा तर त्यांचे यजमान, मारोतराव, शहरातल्याच जरीपटक्याला गेले होते. गुडघ्याच्या मालिशीला. गेले काही महिने दर गुरुवारी जात होते.

उत्तररंगाला सुदामा होता. सुदामा म्हटलं की इंदुताई पदर आधीच हातात धरून ठेवत, कारण तो काखेत पोह्यांची पुरचुंडी दडवतो, लाजेने मागे मागे सरतो आणि कृष्ण हात घालून ती ओढून घेतो, तिथे त्यांच्या डोळ्यांना धार लागलीच पाहिजे. आजवर कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी वैभवीताईंनी ती पुरचुंडी अशी काही दडवली की अख्खं देऊळ पुढे झुकलं, आणि इंदुताईंच्या मनात फक्त एवढंच आलं, की माणूस काखेत काय काय दडवू शकतो. डोळे कोरडेच राहिले. टाळ्या वाजल्या, गजर झाला, ओठ नामाबरोबर हलले, पण आत कुणीतरी वेगळंच बसून राहिलं होतं आणि ते टाळ्या वाजवत नव्हतं. उठून जावं असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. पण हार त्यांनीच घातला होता. स्वतःच्या हाताने दार लावून घ्यावं आणि मग आत धूर भरू लागावा तसं झालं. समोर देव होता, कंबरेवर हात ठेवून. त्याच्याकडे पाहताना त्यांना वाटलं, हा तरी सगळं सांगतो का?

मारोतराव कीर्तनाला येत तेव्हा खांबाला टेकून झोपत. आयुष्य गांधीबागेत कापडाच्या दुकानात गेलेलं. बोलणंही कापडासारखं बेतून, बोटभर जास्त नाही. दुकान आता हर्षितकडे, मुलाकडे होतं आणि ते स्वतः खुर्चीत बसून पेपर वाचत, दुपारी डुलकी काढत, संध्याकाळी नंदनवनच्या बागेला एक फेरी मारत. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे देव्हाऱ्यातल्या समईवर घ्यायचा. देवळातून घरी आल्यावर इंदुताईंनी पानं वाढली आणि वाढता वाढता विचारलं, "गुडघा कसा हाये?"

"बरा हाये."

"जरीपटक्याले गर्दी होती परवा?"

"राहते गर्दी."

"मालिशवाला तोच, पहिलेचा?"

"तोच." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. हाताला कापरं नाही, डोळ्यांत काही नाही. खोटं इतकं सपाट असू शकतं हे इंदुताईंना ठाऊक नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि या माणसाला खोटं बोलता येतं हे आज कळलं. मग आजवर जे खरं म्हणून ऐकलं त्यातलं किती खरं होतं? त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. मारोतरावांनी ती खाल्ली.

मग एकेक गोष्ट आपल्या पायाने चालत येऊ लागली. गुरुवारची चप्पल. तिच्या टाचेला राखाडी, चकचकीत चिखल असायचा आणि त्यात बारीक बारीक शंखल्या, गोगलगायींच्या असतात तशा, नखावर मावतील एवढ्या. जरीपटक्याच्या बाजारात कोण शंखल्या अंथरतं? मग ती स्टीलची बाटली. इंदुताई रोज पाणी भरून द्यायच्या आणि गुरुवारी ती घासायला घेतली की आतून दुधाचा वास यायचा. आधी वाटलं, गडी पितो दूध बाहेर चोरून, साखरेमुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं म्हणून. हसल्याही होत्या मनात. आता तोच वास आठवला आणि हसू आलं नाही. दूध नेऊन पाजायचं कुणाला? आणि त्यावर कळस म्हणजे हर्षितचा फोन. तो असाच दुपारी करतो, दुकानात गिऱ्हाईक नसलं की. "आई, बाबांनी दुकानातून मलमलचा तुकडा कापून नेला वं. पांढरा. मी म्हटलं कोणासाठी, तर बोललेच नाही. लहान लेकराले गुंडाळाले नेतात ना, तेवढा बरोब्बर. कोणाकडे बाळ झालं काय? का मलेच भाऊ होऊन राहिला या वयात?" आणि तो खदाखदा हसला. इंदुताईही हसल्या, फोनवर हसावं लागतं म्हणून. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात खूप वेळ कुकरची शिट्टी होत राहिली आणि त्यांना ती ऐकूच आली नाही.

लेकरू आहे. बाटलीभर दूध पिणारं, मलमलीत गुंडाळायचं. त्या पाण्यापलीकडे कुठेतरी एक घर आहे, घरात एक बाई आहे, आणि हा माणूस दर गुरुवारी नावेत बसून तिकडे जातो. इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी त्या घराचं दारसुद्धा पाहिलं, निळं, अर्धं लोटलेलं. मग स्वतःचीच लाज वाटली. सत्तरीला आलेला माणूस, ज्याला मोजे घालायला खुर्ची लागते. पण लाज वाटली म्हणून दार बंद झालं नाही. पोथी वाचताना ओळीवर बोट ठेवलं की बोटाखालून तेच दार. नामस्मरणात तेच. 'देवा, हे माझ्या मनात कुठून येऊन राहिलं' असं त्या म्हणायच्या आणि देव नेहमीसारखा गप्प. शेजारच्या यमुताई एकदा म्हणाल्या, "काहून वं इंदुबाई, तोंड उतरलं तुमचं?" तर इंदुताईंना वाटलं हिला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. वैभवीताईंनी तर मुद्दाम हाराच्या वेळेला सांगितलं, मला उठता येऊ नये म्हणून. इथवर मन गेलं, तेव्हा त्या घाबरल्या. वैभवीताईंसारख्या पोरीवर संशय! संशय हा असाच, दुधात पडलेल्या मिठाच्या खड्यासारखा. खडा दिसत नाही, पण सगळं दूध त्याचं होतं.

ते बंदर म्हणजे काय हे सगळ्या नागपूरला ठाऊक होतं. कुहीच्या पुढे धरणाचं पाणी पसरलं आहे, त्यात कितीतरी गावं गेली, आणि त्यांतलं एक धामणटोला. मारोतरावांचं गाव. इंदुताईंचं सासर. त्याच गावाच्या नाल्याचा जो फाटा पाण्याने भरून आत शिरला होता, तिथे कुणा कंपनीने बोटींसाठी जागा केली होती. पाटीवर 'मरीना' लिहिलेलं. लोक म्हणत, नागपूरले बंदर आलं, आता समुद्र तेवढा मागवाचा राहिला. इंदुताईंनी ते पाहिलं नव्हतं. गाव बुडाल्यावर त्या तिकडे गेल्याच नव्हत्या. त्यांना ते गाव नवरीच्या डोळ्यांनी आठवायचं. डोंग्यातून नदी ओलांडून आणलं होतं त्यांना, शालूचा काठ पाण्याला लागत होता, आणि त्या महालातल्या, पाणी नळाचंच पाहिलेल्या. भीतीने त्यांनी शेजारी बसलेल्या या अनोळखी माणसाचा अंगठा घट्ट धरला होता. हात नव्हे, अंगठाच. त्याने तो पैलतीर येईपर्यंत सोडवून घेतला नाही. त्या अंगठ्यावर त्यांनी सगळं आयुष्य टाकलं. मग गावातलं ते वर्ष, त्यानंतरचा पावसाळा. त्या पावसाळ्याकडे मन गेलं की इंदुताई त्याला लहान मुलासारखं हाताला धरून परत आणत. इतकी वर्षं आणत आल्या होत्या. त्यानंतर ते दोघं नागपूरला आले, गांधीबागेत काकांच्या दुकानात मारोतराव लागले, हर्षित झाला, सगळं नीट झालं. नीट झालं म्हणून त्या कीर्तनाला जाऊन रडू शकत होत्या, दुसऱ्यांच्या दुःखाला, रामाच्या, सुदाम्याच्या, हरिश्चंद्राच्या.

गुरुवारी सकाळी मारोतरावांनी पिशवी घेतली, तेव्हा इंदुताई साडी बदलून दारात उभ्या होत्या. "मीही येते."

"कुठं?"

"जिथं जाऊन राहिले तिथं. जरीपटक्याले तं नाहीच ना जात तुमी."

मारोतरावांनी चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चाल मंग." एवढंच. विचारलं नाही, कोणी सांगितलं; चिडले नाहीत, थांबवलं नाही. आणि इंदुताईंना त्या 'चाल मंग'चीच भीती वाटली. इतक्या सहज का? तिथे सगळी मांडणी करून ठेवली आहे का? की एकदाचं उघड व्हावं असंच याला वाटत होतं? बसमध्ये दोघं शेजारी बसले. उमरेड रस्ता मागे पडला, धान कापून झालेली शेतं आली, बांध्यांमध्ये खुंटं उभी, कुठे पेंढ्या, कुठे बगळे. मारोतरावांनी पिशवी मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी, कुणी ओढून घेईल तशी. आतून बाटलीचं झाकण त्यांच्या बोटांखाली दिसत होतं. बाटली रिकामी होती. सकाळी इंदुताईंनी पाणी भरून दिलं होतं आणि मारोतरावांना ते मोरीत ओतताना त्यांनी पाहिलं होतं.

कुहीला बस थांबली. "बस इथंच. मी आलो." इंदुताई खिडकीतून पाहू लागल्या. स्टँडच्या कडेला एक चहाची टपरी, टपरीवर एक बाई. वयस्कर, पण ताठ, काळ्या अंगाची, कपाळावर मोठं कुंकू. मारोतराव जाताच ती हसली, न विचारता एक भांडं स्टोव्हवर ठेवलं. दोघं काही बोलत होते. मारोतराव बोलत होते! घरी बोटभर कापड बेतणारा हा माणूस इथे बोलत होता, हात हलवून, आणि ती बाई मान डोलावून ऐकत होती. तिने बसकडे पाहिलं. मारोतरावांनीही पाहिलं. दोघांनी मिळून आपल्याकडे पाहिलं, असं इंदुताईंना वाटलं. हीच ती. निळं दार हिचंच. बाईने पदराने धरून भांडं उतरवलं, बाटलीत काहीतरी ओतलं, बाटली मारोतरावांच्या हातात देताना वर एक फडकं गुंडाळलं. परत आल्यावर इंदुताईंनी विचारलं, "कोण ती?"

"प्रयागबाई. आपल्या गावची. नावाड्याची सून. तुले नाही आठवणार."

"मले काहून नाही आठवणार? मीही होती ना त्या गावात."

"होती वं," मारोतराव म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बाटली पिशवीत गेली. पिशवी काखेत गेली. इंदुताईंना सुदामा आठवला आणि स्वतःचा रागच आला, की देवाची गोष्ट आता असल्या कामाला लागते आहे.

घाटावर नाव उभी होती, मोटारीची, बाकांवर रेक्झिन लावलेली. नाव चालवणारा सुशील, पस्तिशीचा, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला लगाम नाही. "आज जोडीनं काय काकाजी! या काकू, बसा, मधात बसा, कडेले नोका बसू. काकाजीची जागा ठरलेली हाये, समोरची. मी म्हणतो, यांच्या नावाची पाटीच लावून टाकू." मारोतराव पुढे जाऊन बसले. इंदुताई मधे. मोटार सुरू झाली आणि पाणी कापत नाव निघाली. पाणी खूप होतं, सपाट, आभाळाच्या रंगाचं, आणि त्यातून मधूनमधून झाडांचे वाळके शेंडे वर आलेले, काळे, बोटांसारखे. त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. ह्याच्याखाली गाव आहे. ह्याच्याखाली तो उंबरठा आहे जिथे माप ओलांडलं. इंदुताईंनी बाकाची कड धरली. पूर्वीसारखा अंगठा धरावा असं बोटांना वाटलं, पण अंगठा पुढच्या बाकावर होता, पाठमोरा, आणि पिशवीवर होता.

"रोज येता का हो भाऊ, घेऊन यांले?" त्यांनी सुशीलला विचारलं.

"दर गुरवारी. आम्हाले वाटलं काकाजी कंपनीचे माणूस हायेत, तपासाले येतात. मंग वाटलं मासोळी पकडतात. गळ तं टाकत नाही! मी म्हणतो, काकाजी, कोणाले भेटाले येता पाण्यात? तं हासतात नुसते." आणि सुशील स्वतःच हसला. "आज बरोब्बर टायमावर आलो आपण. हे बंदराचं तोंड लहान हाये ना काकू, एक बोट जाईल एवढंच. धरणाची दारं उघडली का पाणी उतरते, मंग त्या तोंडात गाळ वर येते. आत गेलेली बोट आतच. पाणी चढेपर्यंत बसा लागते तिथं चहा पीत. आज दुपारी उघडणार हायेत दारं."

म्हणजे आत गेलं की परत यायचं आपल्या हातात नाही. इंदुताईंना वाटलं, नको. इथूनच फिरवायला सांगावं. न कळलेलं बरं. न कळता माणूस जगतो, पोळ्या लाटतो, देवळात जातो. पण मग आयुष्यभर बाटलीला वास येत राहणार. पुढे ते तोंड दिसू लागलं. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, यंत्राने सरळ कापलेल्या, दातांचे वळ अजून उमटलेले, राखाडी आणि ओल्या. आत पलीकडे रंगीत बोटी हलत होत्या, छत्र्या होत्या, गाणी वाजत होती. मधे एवढीशी वाट. भिंतींच्या चिखलात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या शंखल्या चिकटल्या होत्या. हजारो. इंदुताईंनी त्या ओळखल्या. चपलेला लागणारा चिखल इथला होता. घरातला नव्हता, अंगणातला नव्हता. इथे तर घरच नव्हतं. इथे नुसतं पाणी आणि कापलेली माती.

"सुशील, मशीन बंद कर गा जरा," मारोतराव म्हणाले.

मोटार थांबली. नाव त्या अरुंद तोंडात आपोआप सरकत राहिली, मग थबकली. सुशीलने बांबू रोवून धरली आणि दुसरीकडे तोंड करून बिडी काढली. ही रोजची रीत असावी. मारोतरावांनी पिशवी उघडली. बाटली काढली, फडकं सोडलं, झाकण फिरवलं. कडेला वाकले.

"कोणासाठी हाये ते?" इंदुताईंनी विचारलं. "सांगा ना. कोण हाये ती?"

मारोतराव वळले. चेहऱ्यावर नवल होतं, खरंखुरं, जणू हा प्रश्न कुणाला पडू शकतो हेच त्यांना सुचलं नव्हतं. "कोण म्हणजे? आपली बाळी."

इंदुताईंनी मनाला हाताला धरून परत आणायला हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. तो पावसाळा समोर उभा होता. नदी दुथडी, डोंगा सुटेना, मांडीवर ती, सव्वा महिन्याची, तापाने फणफणलेली, दूध ओढेनाशी. सासरी आणल्यावर बारसं करायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं, म्हणून नाव नव्हतं. सगळे बाळी म्हणत. मग पहाटे कुणीतरी मांडीवरून उचललं. या माणसानेच उचललं. दारातून बाहेर गेला, संध्याकाळी परत आला, हातपाय धुतले, आणि कुठे हे बोलला नाही. इंदुताईंनीही विचारलं नाही. विचारायचं नसतं हे त्यांना सासूने आधीच सांगितलं होतं. आईले जागा सांगत नसतात. सांगितली का आईचे पाय तिकडे वळतात, मग दुसरं लेकरू पोटी येत नाही. त्यांनी पाय वळू दिले नाहीत. इतके वळू दिले नाहीत की ते कुठे वळायचे तेच विसरल्या.

"इथं होती?"

"नाल्याच्या कडेले, चिंचेखाली." मारोतराव बाटलीकडे पाहत बोलत होते. "गाव गेलं तवा मले वाटलं, पाण्याखाली हाये, बरं हाये, कोणी खणणार नाही. मंग यांनी बंदर केलं, तोंड इथूनच काढलं. आता या वर्षी पुन्हा गाळ काढाले मशीन लावली. मी येऊन उभा राह्यलो. मलमल घेऊन."

"मलमल काहून?"

"काही वर आलं तं." त्यांनी पिशवी चाचपली. "तवा नवीन कापड नव्हतं वं घरात. पाण्यापायी नागपूरले जाता येईना. माह्या धोतराचा तुकडा फाडला होता. जुनाच होता." त्यांनी पिशवीत हात घातला; घडी घातलेला पांढरा तुकडा अर्धा वर आला आणि पुन्हा आत गेला. "काहीच नाही आलं. माती आली. शंखल्या आल्या."

गाणी आतून वाजत होती. एक बगळा मातीच्या भिंतीवर उतरला आणि उडाला. इंदुताई पाण्याकडे पाहत राहिल्या. गढूळ, हिरवट, कुठलीच खूण नसलेलं पाणी. चिंच नाही, नाला नाही, कड नाही, जी होती ती यंत्राने उचलून दुसरीकडे टाकलेली. आणि आता इतकं सगळं उघडं झाल्यावर, त्यांच्या मनात पुन्हा तोच मिठाचा खडा हलला. याला तरी ठाऊक आहे का? एवढ्या पाण्यात, एवढ्या वर्षांनी? की एक जागा धरून बसला आहे, कुठेतरी बसायचं म्हणून?

"नक्की इथंच?" त्यांनी विचारलं.

मारोतरावांनी उत्तर दिलं नाही. लगेच दिलं असतं तर इंदुताईंनी विश्वास ठेवला नसता. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग डावीकडच्या भिंतीकडे, मग उजवीकडच्या, कापडाचा ताका उलगडून काठ शोधावा तसं. "मी इथं थांबतो," ते शेवटी म्हणाले.

सुशीलने बिडी विझवली. "काकाजी, पाणी उतरून राहिलं. पहा, बांबू कोरडा पडला वर. आता मागं फिरलो तं घाटावर जाऊ. नाही तं आत घ्या लागंल, मंग संध्याकाळपर्यंत बसा. तोंडात नाही थांबता येत. काय म्हणता काकू? उठाचं का बसाचं?"

बुक्क्याची वाटी फिरली होती. ज्यांना जायचं त्यांची जायची वेळ हीच होती. खाली मान घालून, चपला शोधत. इंदुताई उठल्या. नाव हलली, सुशील ओरडला, "अवं काकू, सांभाळून!" पण त्या पुढच्या बाकापर्यंत गेल्या आणि मारोतरावांच्या शेजारी बसल्या. "घेऊ दे आत," त्या म्हणाल्या. "आम्ही बसतो. पण एक मिनिट थांब गा भाऊ."

मग त्यांनी बाटली मारोतरावांच्या हातातून घेतली. ओढूनच घेतली म्हटलं तरी चालेल. झाकण उघडं होतं, फडकं बाकावर पडलं होतं. जवळ आणली आणि न ठरवता, कुणी न सांगता, त्यांच्या हाताने जुनी सवय केली: मनगट वर धरलं आणि त्यावर दुधाचा एक थेंब सोडला, हर्षितच्या वेळेला सोडायच्या तसा, त्याच्याही आधी सोडायच्या तसा.

कोमट होतं. लेकराला चालेल तेवढंच.